वाचक विचारतात : अणुचाचण्यांच्या जागेखालचं पाणी आणि आपली बोअर

गेल्या अंकात अमेरिकेतल्या नेवाडा आणि कझाकस्तानातल्या सेमिपलातिन्स्क इथल्या अणुचाचणी क्षेत्रांखालच्या भूजलावर लेख होता. जमिनीखालच्या स्फोटांनंतर ट्रिटियमसारखी (म्हणजे हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपासारखी) किरणोत्सर्गी द्रव्यं पाण्यात कशी उतरली आणि कुठवर गेली, हा त्याचा विषय. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकच : हे आपल्याकडे होईल का, आणि आपलं पाणी तपासायचं कसं? एका पत्राचा शेवट असा होता : ‘बोरनं पानी पेवानं का नई पेवानं, तेवढं सांगा.’ तेवढंच सांगायचा प्रयत्न करतो.

प्रश्न : पोखरणला १९७४ आणि १९९८ साली जमिनीखाली स्फोट झाले. ते पाणी झिरपत आमच्या ट्यूबवेलपर्यंत येईल का? आमच्याकडे पातळी दरवर्षी खाली जाते, त्यामुळे लांबचं पाणी ओढलं जातं असं गावात बोलतात. (केळी उत्पादक, रावेर तालुका)

येणार नाही. पोखरणला १८ मे १९७४ रोजी एक, ११ मे १९९८ रोजी तीन आणि १३ मे १९९८ रोजी दोन स्फोट झाले. ती जागा जैसलमेर जिल्ह्यात, तुमच्यापासून सरळ रेषेत पावणेआठशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये अरवली, मही, विंध्य, नर्मदा आणि सातपुडा. भूजल डोंगर ओलांडत नाही, ते आपल्या खोऱ्यातल्या सखल भागाकडे जातं. सातपुड्याच्या उत्तर उतारावर मुरलेलं पाणी नर्मदेकडे जातं, दक्षिण उतारावरचं तापीकडे. तुमच्या ट्यूबवेलमध्ये येतं ते सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात (डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या थरात) आणि तापीच्या गाळात मुरलेलं पाणी. पंप चालू असताना भोवतालची पातळी शंकूसारखी खाली ओढली जाते हे खरं, पण एका ट्यूबवेलचा तो शंकू काही शे मीटरचा, फार तर किलोमीटर-दोन किलोमीटरचा असतो.

वेगाचा हिशेब घरी करता येतो. मातीची पारगम्यता (ती पाणी किती सहज वाहू देते) गुणिले पाणीपातळीचा उतार, भागिले सच्छिद्रता (मातीतल्या पोकळ जागेचं प्रमाण). चांगल्या वाळूमिश्रित गाळाची पारगम्यता दिवसाला १० मीटर धरा, उतार किलोमीटरला १ मीटर आणि सच्छिद्रता २० टक्के. उत्तर येतं दिवसाला ५ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला साधारण १८ मीटर. पोखरणपासून तुमच्या शेतापर्यंत सलग असा गाळ आहे असं धरलं (तसा तो नाही), तरी चाळीस हजारांवर वर्षं लागतील. पाण्याबरोबर सर्वांत वेगाने जाणारं ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. १२३ वर्षांत ते हजाराव्या हिश्शावर येतं, आणि तेवढ्या काळात या वेगाने पाणी सव्वादोन किलोमीटर जातं. म्हणून चाचणी क्षेत्राची काळजी तिथल्या दहा-वीस किलोमीटरांतल्या लोकांची असते. त्यांच्यासाठी ती खरी आहे.

हा हिशेब गाळाचा आहे. काळ्या पाषाणात पाणी भेगांतून धावतं, तिथे दिवसाला काही मीटरही जाऊ शकतं. पण आपल्याकडच्या भेगा सलग नसतात. धुळे जिल्ह्यात तर डाइकच्या, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या, उभ्या भिंती जमिनीखाली पाणी अडवतात. शेजारच्या दोन शेतांत एकीकडे भरपूर पाणी आणि दुसरीकडे कोरडी बोअर असते, ती बऱ्याचदा यामुळेच.

प्रश्न : अणुस्फोटानंतर जमिनीत नेमकं काय होतं? सगळी द्रव्यं सारखीच पसरतात का? विद्यार्थी विचारतात. (शिक्षिका, अमळनेर)

स्फोटाच्या क्षणी भोवतालच्या खडकाची वाफ होते आणि मोठी पोकळी तयार होते. वितळलेला खडक पोकळीच्या तळाशी साठून थिजतो आणि त्याची काच बनते. मग पोकळीचं छत कोसळतं आणि वरपर्यंत दगडगोट्यांचा उभा स्तंभ उरतो. कधी जमिनीवरही खड्डा पडतो. प्लुटोनियम आणि त्यासारखी जड, सहज वाफ न होणारी द्रव्यं बहुतांशी काचेत अडकतात. ट्रिटियम, क्रिप्टॉन, आयोडिन अशी वायुरूप होणारी द्रव्यं भेगांत आणि ढिगाऱ्यात पसरतात. पोकळी भूजल पातळीखाली असेल तर सुरुवातीला पाणी दूर ढकललं जातं, मग काही वर्षांत हळूहळू परत भरतं. खरी गळती तिथून पुढे सुरू होते.

कोण किती धावतं हे रसायनावर ठरतं, हे मुलांना आवर्जून सांगा. ट्रिटियम हा हायड्रोजनच असल्यामुळे तो स्वतःच पाणी बनतो. त्याला कोणतीही माती अडवत नाही. आयोडिन-१२९, टेक्नेशियम-९९, क्लोरिन-३६ ही पाण्यात ऋणभारित रूपात असतात. मातीच्या कणांचा पृष्ठभागही बहुधा ऋणभारितच, त्यामुळे तीही फारशी अडत नाहीत. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमच्या जागी मातीला चिकटतं, पण पाणी जड (चुन्याचे क्षार जास्त असलेलं) असेल तर कॅल्शियमच सगळ्या जागा अडवून बसतो आणि स्ट्रॉन्शियम पाण्यात राहतं. सीझियम-१३७ चिकणमातीत इतकं घट्ट रुततं, की बहुधा तिथेच संपतं.

प्लुटोनियम हलत नाही असंच मानलं जात होतं. नेवाडात १९६८ साली झालेल्या ‘बेनहॅम’ स्फोटाचं प्लुटोनियम १.३ किलोमीटरवरच्या निरीक्षण विहिरीत सापडलं आणि १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. ते पाण्यात विरघळलेलं नव्हतं, तर चिकणमातीच्या अतिसूक्ष्म तरंगत्या कणांवर बसून आलं होतं. प्रमाण अत्यल्प होतं, पण ‘हे जागचं हलणार नाही’ असं गृहीत धरून केलेला हिशेब त्यामुळे पुन्हा करावा लागला.

नेवाडात १९५१ ते १९९२ या काळात ९२८ चाचण्या झाल्या, त्यांतल्या ८२८ जमिनीखाली. जमिनीखालच्या चाचण्यांपैकी सुमारे एक तृतीयांश भूजल पातळीजवळ किंवा तिच्याखाली होत्या. क्षेत्राच्या हद्दीबाहेर ट्रिटियम पहिल्यांदा सापडलं ते २००९ साली, शेजारच्या हवाई दलाच्या निर्मनुष्य जमिनीत. कझाकस्तानात सेमिपलातिन्स्कला १९४९ ते १९८९ दरम्यान ४५६ चाचण्या झाल्या आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते क्षेत्र बंद झालं. तिथल्या डेगेलेन डोंगरात आडवे बोगदे खणून स्फोट केले गेले. पावसाचं आणि बर्फाचं पाणी भेगांतून त्या बोगद्यांत उतरतं आणि काही बोगद्यांच्या तोंडातून झरे होऊन बाहेर पडतं, तेही ट्रिटियम, स्ट्रॉन्शियम घेऊन. १८१ बोगदे बंद केल्यावरही काही ठिकाणी पाणी वाहतंच राहिलं, कारण तोंड बुजवलं तरी डोंगराच्या भेगा बुजत नाहीत. नेवाडाचं खोल पातळीचं वाळवंट आणि डेगेलेनचा उथळ पाण्याचा डोंगर, हा फरक नकाशावर दाखवला तर मुलांना लगेच कळेल.

प्रश्न : ऑनलाइन गायगर मीटर घेतला. बोअरच्या पाण्याच्या ग्लासजवळ धरला तर काहीच वाढ नाही, पण पोटॅशच्या गोणीजवळ टिकटिक वाढते. मग पाणी चांगलं आणि खत धोक्याचं समजायचं का? (चोपडा)

दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या एका किलोत जवळपास अर्धा किलो पोटॅशियम असतं आणि नैसर्गिक पोटॅशियममध्ये किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० थोडं असतंच. किलोमागे सेकंदाला साधारण १५ हजार विघटनं होतात, मीटर तेच ऐकतो. केळ्यातही ते आहे, एका केळ्यात सुमारे १५ बेकरेल, म्हणजे सेकंदाला १५ विघटनं. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः राखतं आणि जादा बाहेर टाकतं, त्यामुळे ते साठत जात नाही. गोणी हाताळायला भिऊ नका आणि केळी खायलाही.

पाण्याचं उलटं आहे. युरेनियमची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम. तेवढ्या युरेनियम-२३८ मधून लिटरमागे सेकंदाला ०.३७ विघटनं होतात, म्हणजे तीन सेकंदांत जेमतेम एक. त्यातून निघणारा अल्फा कण पाण्यात मिलिमीटरचा दहावा भागही पार करत नाही. ट्रिटियमचा बीटा कण हवेत जास्तीत जास्त सहा मिलिमीटर जातो आणि मीटरच्या नळीची खिडकीही ओलांडत नाही. त्यामुळे मर्यादेच्या दहापट युरेनियम असलं तरी हा मीटर गप्प राहील. टीडीएस मीटरचंही तेच, तो फक्त एकूण क्षार सांगतो.

प्रश्न : मग बोअरचं पाणी तपासायचं कसं? नमुना कसा घ्यायचा? (ग्रामपंचायत सदस्य, पारोळा तालुका)

पहिल्यांदा काय तपासायचं ते ठरवा. आपल्या भागात अणुचाचणी झालेली नाही, त्यामुळे प्लुटोनियम, सीझियम यांच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. खडकातून येऊ शकणारं किरणोत्सर्गी द्रव्य म्हणजे मुख्यतः युरेनियम. काळ्या पाषाणात ते दहा लाखांत एक भागाहूनही कमी असतं, ग्रॅनाइटमध्ये तीन-पाच भाग. म्हणून कर्नाटकातल्या कोलारसारख्या ग्रॅनाइटच्या मुलखापेक्षा आपल्याकडे शक्यता कमी. तरी गावाच्या पाणीपुरवठ्याची बोअर एकदा तपासून घ्यावी, कारण पाण्यात नायट्रेट आणि बायकार्बोनेट जास्त असलं तर थोडंसं युरेनियमही खडकातून सुटून पाण्यात येतं. आणि नायट्रेट तर आपण शेतात युरिया ओतून स्वतःच वाढवतो. माझं मत विचाराल तर खान्देशातल्या बोअरसाठी तपासणीचा क्रम असा : जिवाणू, नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा आणि मग युरेनियम. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते. हा धोका आजचा आहे.

बोअर आधी पुरेशी उपसा. केसिंगमध्ये (बोअरच्या आतल्या पाइपात) उभं राहिलेलं पाणी खडकातलं पाणी नसतं. सहा इंची बोअरमध्ये मीटरमागे १७ ते १८ लिटर पाणी असतं. पाण्याचा स्तंभ १०० मीटर असेल तर सुमारे १,८०० लिटर, त्याच्या तिप्पट म्हणजे साडेपाच हजार लिटर उपसल्यावर नमुना घ्या. पंप तासाला १५ हजार लिटर देत असेल तर वीस-बावीस मिनिटं पुरे. रोज तासन्‌तास चालणारी बोअर असेल तर दहा मिनिटं. नमुना टाकीतून नको, पंपाजवळच्या नळातून घ्या. टाकीत चुना खाली बसतो आणि आकडे बदलतात.

युरेनियमसाठी एक लिटरची नवी प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्या. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून भरा आणि प्रयोगशाळेने दिलेलं शुद्ध नायट्रिक आम्ल टाका. लिटरला साधारण २ मिली, सामू (पीएच) २ च्या खाली यायला हवा. आपलं पाणी जड आणि बायकार्बोनेटचं, त्यामुळे कधी थोडं जास्त लागतं. सामूपट्टीने पाहा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा. आम्ल टाकलं नाही तर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि अहवालात खोटा कमी आकडा येतो. गढूळ पाणी न गाळता आम्ल टाकलं तर गाळातलं युरेनियम सुटतं आणि खोटा जास्त आकडा येतो.

नायट्रेटची बाटली वेगळी ठेवा. तिच्यात नायट्रिक आम्ल चुकूनही पडू देऊ नका, पडलं तर आम्लातलंच नायट्रेट मोजलं जाईल. ही चूक वारंवार होते, म्हणून आम्लाच्या बाटल्यांना वेगळ्या रंगाची चिठ्ठी लावा. नायट्रेटचा नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून ४८ तासांत पोहोचवा. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा.

चिठ्ठीवर तारीख, वेळ, बोअरची खोली, केसिंग कुठवर आहे आणि उपसा किती केला हे लिहा. एकदा मे महिन्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास असे दोन नमुने घ्या. उन्हाळ्यात खालच्या थरांचं पाणी येतं, पावसाळ्यानंतर वरचं मिसळतं. रासायनिक आणि जिवाणू तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. युरेनियमसाठी एलईडी फ्लोरिमीटर किंवा आयसीपी-एमएस ही मोजणीची यंत्रं असलेली प्रयोगशाळा विचारून घ्यावी लागेल. फ्लोरिमीटरमध्ये पाण्यात पायरोफॉस्फेट घालून युरेनियमची हिरवी चमक मोजतात. पाण्यात लोह किंवा क्लोराइड जास्त असलं तर ती चमक दबते. ‘नमुन्यात युरेनियमचं ज्ञात प्रमाण मिसळून पुन्हा मोजणी केली का?’ एवढं विचारा, म्हणजे आकड्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळेल.

प्रश्न : उकळलेलं पाणी, कँडलचा फिल्टर, आरओ, जारचं पाणी, यातलं किरणोत्सर्गी द्रव्यांसाठी काय उपयोगी? (गृहिणी, धुळे)

उकळून जंतू मरतात, युरेनियम आणि नायट्रेट जात नाहीत. पाणी आटतं त्या प्रमाणात ते वाढतातच. कँडल, यूव्ही, तुरटी, क्लोरिन यांवर विसंबू नका. आरओ युरेनियम ९० टक्क्यांहून अधिक काढतो. ट्रिटियम मात्र आरओही काढू शकत नाही, कारण ते पाण्यापासून वेगळं असं काही नसतंच. म्हणून चाचणी क्षेत्राजवळच्या लोकांना फिल्टर देऊन भागत नाही, पाण्याचा दुसरा स्रोत द्यावा लागतो.

घरच्या आरओत एक गोष्ट नक्की बघा. बऱ्याच यंत्रांत चव राखण्यासाठी टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो न गाळलेलं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो आणि त्याबरोबर नायट्रेट, युरेनियमही परत येतं. बोअरच्या पाण्यावर आरओ चालत असेल तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून घ्या. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस महिन्यातून एकदा लिहून ठेवा. आतला ९०० असेल तर बाहेरचा शंभरच्या आसपास हवा, तो १८० वर गेला की मेंब्रेन (गाळणारा पडदा) बदला. आपल्या जड पाण्याने मेंब्रेनवर चुना लवकर धरतो. जारवाल्याला नायट्रेट, युरेनियमच्या तपासणीचा कागद मागायला संकोच करू नका. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडासात वापरा. गुरांना पाजू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

प्रश्न : ट्रिटियमवरून पाण्याचं वय कळतं म्हणतात. आमच्या खोल ट्यूबवेलला त्याचा काही उपयोग? (यावल)

उपयोग मोठा आहे आणि केळीपट्ट्यात तो जास्त व्हायला हवा. हवेत केलेल्या अणुस्फोटांमुळे १९५० च्या दशकापासून जगभरच्या पावसात ट्रिटियम वाढलं. १९६३ साली ते शिखराला पोहोचलं, त्याच वर्षी हवेतल्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि मग ते उतरत गेलं. आज पावसात ते पुन्हा नैसर्गिक पातळीजवळ आहे, आरोग्याच्या मर्यादेच्या हजारो पट खाली. पण मोजता येतं. ट्यूबवेलच्या पाण्यात ट्रिटियम सापडलं तर त्यातलं निदान काही पाणी १९५० च्या दशकानंतर मुरलेलं आहे. अजिबात सापडलं नाही तर ते त्याआधीचं, आणि तुम्ही उपसता ते तुमच्या हयातीत भरून येणारं नाही. ट्यूबवेल आणखी खोल करण्यावर पैसे घालायचे की नाल्यावर बंधारा बांधून पुनर्भरण करण्यावर, हे ठरवायला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, आम्ल नको, हवा राहू देऊ नका. अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळ जवळ नको, काही घड्याळांत ट्रिटियमच असतं. इतकं कमी प्रमाण मोजण्यासाठी नमुन्यातलं ट्रिटियम आधी विद्युत विघटनाने (पाणी विजेने फोडून) एकवटावं लागतं, त्यामुळे अहवालाला वेळ लागतो. एकट्याने करण्यापेक्षा पाच-सहा ट्यूबवेल मिळून करा : एक पायथ्याची, एक नदीकाठची, बाकी मधल्या.

प्रश्न : उनपदेवचं गरम पाणी किरणोत्सर्गी आहे का? (अडावद)

पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं, त्याला अणुस्फोटाचं किंवा किरणोत्सर्गाचं वेगळं कारण लागत नाही. गरम झऱ्यांत रेडॉन वायू थोडा असू शकतो. तो दर ३.८ दिवसांनी निम्मा होतो आणि उघड्यावर उडून जातो. मोकळ्या कुंडात स्नान करायला त्याची भीती बाळगू नका.

प्रश्न : समजा गावच्या बोअरमध्ये युरेनियम ३० च्या वर आलं, तर ग्रामपंचायतीने काय करावं? (शिंदखेडा)

आधी दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करा आणि शेजारच्या तीन-चार बोअर, विहिरीही तपासा. वेगवेगळ्या खोलीच्या बोअरमध्ये आकडे वेगळे येतात. एखादी कमी खोलीची विहीर सुरक्षित निघू शकते. युरेनियमचा मुख्य त्रास मूत्रपिंडाला आणि तो किरणोत्सर्गापेक्षा रासायनिक विषाचा असतो. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि लहान मुलांना पिण्यासाठी दुसरं पाणी त्याच दिवसापासून द्या. आंघोळ, कपडे, भांडी यांना ते पाणी चालतं. त्वचेतून युरेनियम फारसं आत जात नाही. पोटात गेलेल्यातलंही बहुतेक बाहेर पडतं, प्रौढांत एक-दोन टक्केच रक्तात उतरतं.

धरणाच्या पाण्याची योजना जवळून जात असेल तर पिण्यापुरती ती घ्या, हाच सर्वांत स्वस्त उपाय. नसेल तर सामुदायिक आरओ किंवा ॲनायन रेझिनचा (ऋणभारित द्रव्यं धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) संच. पाण्यातलं युरेनियम कार्बोनेटबरोबर ऋणभारित असल्यामुळे ॲनायन रेझिन ते घट्ट पकडतं. नेहमीचा सॉफ्टनर धनभारित द्रव्यं धरणाऱ्या कॅटायन रेझिनचा असतो, त्याने कॅल्शियम जातं पण युरेनियम तसंच राहतं. रेझिन ॲनायनचंच आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. रेझिनच्या दोन टाक्या एकामागे एक लावा आणि मधल्या नळातून दर तीन महिन्यांनी नमुना तपासा. पहिली भरली की मधल्या नमुन्यात कळतं आणि तोवर दुसरी पाणी सांभाळते. मिठाच्या पाण्याने रेझिन धुतलं की निघणाऱ्या खाऱ्या पाण्यात सगळं युरेनियम असतं. ते नाल्यात, शेतात किंवा बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडलं तर पुन्हा भूजलातच जातं. त्याची आणि वापरून झालेल्या रेझिनची विल्हेवाट कोण लावणार, हे कलम करारात आल्याशिवाय संचाची ऑर्डर देऊ नका.